रुवीच्या भिंतीवरची येसकराची काठी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. मस्कतच्या रुवी भागात, तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात मी भिंतीवर टांगलेली असते. परवा माझ्यासमोर जे घडले, त्याचा धक्का अजून ओसरलेला नाही.

माझा जन्म नाशिककडच्या एका खेड्यात, भरीव वेळूपासून झाला. डोक्याशी दोन छिद्रे पाडून त्यांत घुंगरू अडकवले आणि मला येसकराच्या हाती दिले. येसकर म्हणजे गावाची वेस राखणारा. हे काम महारवाड्यातल्या माणसांवर जन्मानेच लादलेले होते. कुणी मेले की खबर घेऊन त्यांनी गावोगाव पळायचे. माझे घुंगरू वाजले की लोक विटाळाच्या भीतीने अंग चोरून बाजूला व्हायचे. या राबण्यापोटी त्यांच्याकडे नदीकाठचे एक शेत होते.

पुढे मला वागवणाऱ्या शेवटच्या येसकराने, भिवाबाबांनी, बौद्ध धम्म स्वीकारला. त्याच दिवशी त्यांनी माझे घुंगरू उपटून नदीत फेकले. मला मात्र ठेवून घेतले. "काम सोडलं. शेत सोडायचं नाही," ते म्हणाले. त्यानंतरची वर्षे माझ्या सुखाची. त्यांची सून लीलावती मला घेऊन त्याच शेतात तुरीची राखण करायची. माझ्यावर हनुवटी टेकून ती गाणी म्हणायची.

तिचा मुलगा प्रफुल्ल इंजिनीअर होऊन ओमानला आला. त्याने आईला आणले, मलाही आणले. माझी छिद्रे पुट्टीने बुजवली, वर चकचकीत पॉलिश केले.

परवा शेजारचे हमूद चहाला आले. ओमानी माणसे समारंभात मानाने काठी हाती धरतात. मला पाहून त्यांचे डोळे चमकले.

"प्रफुल्लभाई, ही कोणाची?"

"आजोबांची. आमच्या गावचे शेख होते ते."

शेख, म्हणजे गावाचा प्रमुख! मी सुन्न झाले. लीलावतीचा कप ओठांपाशीच थांबला.

हमूद गेल्यावर ती म्हणाली, "वेशीवर शिळे तुकडे खाणारा शेख होय रे?"

"आई, त्यांना काय काय समजावणार? सोड ना, खलास."

तेवढ्यात गावाहून त्याच्या चुलतभावाचा, नंदूचा व्हिडिओ कॉल आला. "दादा, हे बघ!" नदीकाठच्या आमच्या शेताला तारेचे कुंपण! "रिसॉर्टवाल्यांनी घातलंय. म्हणतात, येसकराचं शेत इथं कधी नव्हतंच."

प्रफुल्ल ताडकन उठला. "असं कसं म्हणतात? आपले आजोबा..."

"शेख होते," लीलावती म्हणाली.

प्रफुल्लचा चेहरा पांढराफटक पडला होता. मग त्याने मला खाली काढले आणि तसाच अनवाणी हमूदांच्या दारी गेला.

"हमूदभाई, मी खोटं बोललो. आजोबा वेस राखायचे. लोक त्यांची सावलीसुद्धा टाळायचे. त्यांचं शेत आता कुणीतरी गिळतंय."

हमूदांनी मला दोन्ही हातांत धरले. मग म्हणाले, "शेत त्यांचं, तर ओळखही त्यांची खरीच सांग. यल्ला, चल, जा."

उद्या प्रफुल्ल गावी निघतो आहे. चादरीत गुंडाळून मलाही नेणार आहे. शेत मिळेल की नाही, मला ठाऊक नाही. कुंपण अजून तिथेच आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू असेल. तिची धूळ जरूर पुसा, पण तिला मोठ्या घरची म्हणून मिरवू नका. ती कोणाच्या हातात होती ते विचारा आणि तेच सांगा. आज सकाळी लीलावतीने सुरीच्या टोकाने माझी दोन्ही छिद्रे पुन्हा उकरून मोकळी केली.