निवड सामना

सात वर्षं टेबल टेनिसचं राष्ट्रीय अजिंक्यपद थोरलीकडेच होतं. आता तिला एकतिसावं लागलं होतं, उजवा खांदा कुरकुरत होता, आणि जागतिक स्पर्धेच्या संघात एकच जागा उरली होती. त्या जागेसाठी निवड सामन्यात समोर उभी होती तिची सख्खी धाकटी बहीण. पायाला भिंगरी लागलेली, म्हणून घरात तिला भिंगरीच म्हणत. दोघींना शिकवणारे बाबा कुणाच्याच बाजूला न बसता लांब भिंतीला टेकून उभे होते.

पहिले दोन गेम भिंगरीने घेतले. मग तिचा खेळ एकदम उतरला आणि पुढचे दोन थोरलीला मिळाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. थोरलीला मात्र खटकत होतं. भिंगरीचा बॅकहँड तिनेच बसवला होता. तो इतक्यांदा जाळीत जाणं शक्यच नव्हतं.

पाचव्या, निर्णायक गेममध्ये थोरली चार-दोनने पुढे असताना दोघी घाम पुसायला एकाच कोपऱ्यात आल्या.

"कुणी सांगितलं?" टॉवेल तोंडावर धरूनच थोरलीने विचारलं.

भिंगरीने मान वर केली नाही. "आई म्हणाली, ताईचं हे शेवटचं वर्ष. तुला पुढे कितीतरी मिळतील."

थोरलीच्या अंगाची लाही लाही झाली. आईचा राग आलाच, पण क्षणभर आपल्याला हायसं वाटलं, याचा जास्त आला.

"नीट खेळ. नाहीतर मी बॅट ठेवते आणि पंचांना कारण सांगते."

त्यानंतर भिंगरीने हात राखला नाही. थोरलीनेही नाही, तिला जिंकायचंच होतं. नऊ-नऊ झाले, मग भिंगरी दहा-नऊने पुढे गेली. थोरलीची सर्व्हिस भिंगरीने कोपऱ्यात परतवली. पुढचा चेंडू थोरलीने खांदा झोकून मारला, तो टेबलाबाहेर बोटभर लांब पडला आणि संघातली जागा भिंगरीची झाली.

बाबा धावत आले आणि मध्येच घुटमळले. "आधी तिच्याकडे जा," थोरली म्हणाली.

घरी आईने धाकटीकडे रोखून पाहिलं. थोरलीने आईला तिथेच बजावलं, यापुढे आमच्या खेळात बोलायचं नाही.

स्पर्धेपर्यंतचे सहा आठवडे भिंगरीसमोर सरावाला थोरलीच उभी राहिली. पहिले दोन दिवस मात्र ती चेंडू गरजेपेक्षा जोरात मारत राहिली.