माझं दुसरं टोक

मित्रांनो, तापीकाठच्या आमच्या गावी, बुधवारा पेठेत, प्रभाकर पेंटरच्या खोलीत शिरलात, तर दाराशेजारच्या खिळ्यावर तुम्हाला एक तांबूस गुंडाळी दिसेल. तिच्याकडे कुणी बघत नाही. तुम्ही मात्र जरा थांबा, कारण ती मी आहे. पेंटरची आखणीची जुनी दोरी!

शेजारच्या विणकराकडे मागावर उरलेलं सूत पडून होतं. पेंटरच्या बायकोनं, निर्मलाबाईंनी, ते मांडीवर वळलं आणि मी झाले. मग मला गेरूच्या भुकटीत चांगलं लोळवलं. माझं काम अगदी सोपं. भिंतीवर दोन्ही टोकं ताणून धरायची, मधोमध चिमटीनं उचलायचं आणि सोडून द्यायचं. टण्! भिंतीवर लाल सरळ रेघ उमटते. त्या रेघेवर अक्षरं बसतात.

टोकं दोन, म्हणून माणसंही दोन लागतात. एक टोक पेंटर धरायचे. दुसरं त्यांची लेक कोकिळा धरायची. तेव्हा ती सात वर्षांची होती आणि "आबा, टण् मी करणार!" म्हणून भांडायची.

आबा तिला आधी ब्रश देत नसत. बाजारातून जाताना ते एखाद्या पाटीसमोर थांबायचे आणि विचारायचे, "सांग कोकिळे, डोळ्याला कुठं टोचतंय?" ती म्हणायची, "त्या दोन अक्षरांत भांडण झालंय, लांब लांब बसलीत." आबा खूश! म्हणायचे, "आधी मोकळी जागा बघायची. अक्षर नंतर." मला वाटायचं, मोकळ्या जागेत काय बघायचं? सरळपणा महत्त्वाचा, आणि तो तर माझ्याकडे आहे. खरं सांगते, फार गर्व होता मला.

कोकिळा चौदा वर्षांची झाली, त्या साली आमच्या राज्याची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. नवं राज्य आणि दिवाळी एकाच आठवड्यात आली. नागपूरची मामी एका राज्यात गेली, आम्ही दुसऱ्या. गावात जिकडेतिकडे रंग, चुना, नव्या पाट्या. राजपुऱ्यात चुडामणभाऊंचं कापडाचं नवं दुकान पाडव्याला उघडणार होतं. दारावरच्या भिंतीवर नाव लिहायचं काम आबांना मिळालं.

"पेंटरबाबू, एका बाजूला मोर काढा, दुसऱ्या बाजूला समई. खाली सगळ्या लुगड्यांची नावं," चुडामणभाऊ म्हणाले.

"मग भाऊ, तुमचं नाव कुठं उभं राहील? मोराच्या पाठीवर?" कोकिळा म्हणाली.

चुडामणभाऊ हसले. मोर गेला, समई गेली, फक्त नाव राहिलं. आबांनी सपाटी बघायची पाणसळ लावली, तिच्यातला बुडबुडा बरोबर मधोमध आणला, मला ताणलं आणि टण्! अक्षरं लिहून झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा बाजार हसत होता.

"पेंटरबाबू, हे अक्षरं तं तापीकडे घसरून राहिली!" चुडामणभाऊ ओरडले. "परसों पाडवा आहे. जमत नसेल तर खंडव्याचा पेंटर बोलावतो."

आबांनी पाणसळ पुन्हा लावली. बुडबुडा जागच्या जागी. "दोरी खोटं बोलत नाही," ते म्हणाले.

कोकिळा रस्त्याच्या पलीकडून बघत होती. तिथूनच ती म्हणाली, "आबा, दोरी खरी आहे. पण वरचा छज्जा जुना आहे, डावीकडे खचलाय. त्याच्याखाली सरळ ओळसुद्धा तिरपी दिसते. दोरीचं उजवं टोक थोडं वर घ्यायला पाहिजे."

"मी वाकडं लिहू? वीस वर्षांत नाही लिहिलं!"

सगळ्यांसमोर पोरीनं चूक काढली होती ना! आबा घरी आले आणि त्यांनी मला खिळ्यावर अडकवलं. मी भिंतीकडे तोंड करून लटकत राहिले. माझा सरळपणा काही कामाचा नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. असं कळल्यावर फार एकटं वाटतं हो.

पाडव्याच्या आदल्या दुपारी कोकिळेनं मला उतरवलं. ती एकटीच राजपुऱ्यात गेली, शिडीवर चढली आणि जुन्या अक्षरांवर चुना फिरवला. समोर केळी विकणाऱ्या धुरपदाबाई म्हणाल्या, "अगं बाई, पेंटरची पोर शिडीवर! आता काय काय बघावं लागेल!"

कोकिळेनं माझी दोन्ही टोकं दोन खिळ्यांना बांधली. खाली उतरली, रस्ता ओलांडून बघितलं. नाही जमलं. पुन्हा वर, खिळा उपटला, दुसरीकडे ठोकला. पुन्हा पलीकडे. पाच वेळा! भिंतीला भोकं पडली, तिचे डोळे भरून आले.

सहाव्यांदा ती पलीकडे गेली, तेव्हा शिडी करकरली. आबा वर चढले होते. त्यांनी उजवा खिळा काढला आणि माझं टोक स्वतःच्या चिमटीत धरलं. पाणसळ पिशवीतच होती.

कोकिळा रस्त्यापलीकडून हळूच म्हणाली, "आबा, बोटभर वर."

त्यांचा हात वर गेला.

"अजून थोडं. थांबा, जास्त झालं. तांदळाएवढं खाली."

हात तांदळाएवढा खाली आला. माझ्या आयुष्यातली सर्वांत तिरपी रेघ आता उमटणार होती!

"हां आबा, बस!"

ती धावत आली, दुकानातल्या स्टुलावर चढली, मला मधोमध उचललं आणि टण्!

संध्याकाळी अक्षरं वाळली. धुरपदाबाई पाटी बघत बराच वेळ उभ्या राहिल्या. "आता बरं दिसून राहिलं. काय बदललं गं?"

"काही नाही, मावशी," कोकिळा म्हणाली. आबा मिशीतल्या मिशीत हसले. आणि घरी आल्यावर त्यांनी आपला सर्वांत चांगला ब्रश, खारीच्या केसांचा, तिच्या हातात ठेवला.

मित्रांनो, आता कोकिळा इंदूरला चित्रकला शिकते. आबांनीच पाठवलं तिला. ते अजूनही कामाला जातात, पण एकटे. माझं एक टोक ते धरतात, दुसरं खिळ्याला बांधतात. रेघ उमटते. मग ते रस्ता ओलांडून पलीकडे जातात, डोळे बारीक करून बघतात आणि उगीचच वळून मागे बघतात.

तुमच्या घरातलं एखादं पोर "इथं डोळ्याला टोचतंय" म्हणालं, तर त्याला गप्प करू नका. एक टोक हातात धरून उभे राहा. खिळा मला घट्ट धरतो, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण "बोटभर वर" म्हटलं, तर तो वर जात नाही.