दाराआडची बहीण

पक्षाच्या कचेरीत सकाळी सगळ्यात आधी आवाज व्हायचा तो तिच्या टाइपरायटरचा. त्या सोमवारी ती कार्यकारिणीच्या बैठकीची पत्रं टाइप करत होती. चिटणीस चहाचा कप घेऊन तिच्या टेबलाशी आले आणि खाणीच्या गावांतल्या नऊ सभासदांची नावं त्यांनी बाजूला काढली.

"यांना बारा नको, तेरा तारीख टाक."

"पण बैठक तर बारालाच आहे ना?"

"तू टाइप कर. डोकं आम्ही चालवतो."

ते नऊही जण तिच्या दादाच्या बाजूचे. अध्यक्षपदासाठी दादा आणि चिटणीस समोरासमोर उभे आहेत, हे कचेरीतल्या मांजरालाही ठाऊक होतं. तिला सगळं कळलं. पण नोकरी होती, पक्षाची शिस्त होती, आणि 'आपण काय, हुकमाचे ताबेदार' अशी स्वतःची समजूत घालणं फार सोपं होतं. तिने तेरा टाइप केलं.

बाराला चिटणीस दोन मतांनी अध्यक्ष झाले, आणि त्याच बैठकीत दादाला फितूर ठरवून पक्षातून काढलं. तेराला नऊ माणसं बॅगा घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा नवे अध्यक्ष हळहळले, "टायपिंगची चूक झाली हो!" तिने मान वर केली नाही.

माणसामाणसांतल्या भिंती पाडायला निघालेल्या या पक्षाचा एक कडक नियम होता. काढलेल्या माणसाशी, त्याच्या घरच्यांशी कुणी बोलायचं नाही. दुसऱ्यांनी कुणाला वाळीत टाकलं की हे मोर्चे काढत. स्वतः टाकलं की त्याला शिस्त म्हणत. पक्षाच्या वसाहतीत दादाला बघून शेजारी पाठ फिरवू लागले. सख्खी बहीणसुद्धा.

एका दुपारी दादाच्या छातीत कळ आली. वहिनी दारं ठोठावत सुटली. हिच्याही दाराशी आली. "अगं, नुसता हात लाव, त्यांना रस्त्यापर्यंत नेऊ!" ही आतून कडीवर हात ठेवून उभी राहिली. समोरच्या खिडकीत अध्यक्षांची बायको होती. वहिनी पुढच्या दाराकडे गेली. दादा रस्त्यापर्यंत पोचलाच नाही.

चौथ्या दिवशी ती वहिनीकडे गेली. उंबऱ्यातूनच म्हणाली, "वहिनी, पत्रातली तारीख मी बदलली होती."

"त्यांना माहीत होतं. म्हणाले, पोर भ्यायली असेल, जाऊ दे." वहिनी दादाच्या शर्टांच्या घड्या घालत होती. "पण त्या दुपारी तू घरात होतीस ना?"

'नाही' ओठांवर आलं होतं. लाजेने ते तिथेच थिजलं.

"होते, वहिनी. दाराच्या आतच उभी होते."

"मला एकटीला सांगून काय उपयोग? अजून तीन घरं वाळीत आहेत इथे."

रविवारच्या सभेत ती आयुष्यात पहिल्यांदा बोलायला उठली. अध्यक्षांनी बसायची खूण केली. ती बसली नाही. तारखेचं सगळं तिने सांगितलं, कुणी सांगितलं आणि कुणी केलं तेही. सभेत कुजबुज सुरू झाली. लोक अध्यक्षांकडे बोटं दाखवू लागले.

"थांबा," ती म्हणाली. "माझा भाऊ गेला तेव्हा मी घरात होते. तुमच्यापैकी कोण कोण घरात होतं?"