समुद्राच्या मध्यावरची वडी

पनवेल स्टँडसमोरच्या रसवाल्याला मम्मी गेली दहा वर्षं सांगतेय, "बर्फ नको," आणि गेली दहा वर्षं ग्लासात बर्फ येतोय. लंडनहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या तिच्या विमानात मात्र तिने चार वर्षांपूर्वी एकदाच सांगितलं होतं, की चहा बिनदुधाचा द्या, जेवणानंतर झोपू द्या आणि समुद्राच्या मध्यावर आलो की उठवा. ते विमानातल्या लोकांच्या अजून लक्षात आहे. मला या सगळ्या थापा वाटायच्या.

मम्मीची कंपनी जहाजांवरच्या कंटेनरांचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर बनवते. त्यासाठी ती दर दीड-दोन महिन्यांनी करंजाडेहून निळी बॅग घेऊन निघते आणि मीटिंग करून परत येते, लोक पुण्याला जाऊन येतात तशी. यंदा माझी नववी संपली आणि तिने साठवलेल्या पॉइंट्सवर मला तिच्या शेजारची सीट मिळाली.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. सहावीपर्यंत बाईंनी नाव विचारलं तरी मी रडायचे. यंदा मी गॅदरिंगचं निवेदन केलं, माइक हातात, समोर आठशे लोक. "तेव्हापासून मितालीला सगळं येतं," असं पप्पा म्हणतात. ते कौतुक नसतं. पण मला ते कौतुकच वाटलं, आणि बॅगा भरायचं काम मी माझ्याकडे घेतलं.

आता आजी. सखूबाई, मम्मीची आई. उरणजवळ मोऱ्याला राहते. काशिराम आजोबांची होडी होती आणि दर्यात लांब जायचं तर आधी दर्याला नारळ द्यायचा, हा त्यांच्या घरचा नियम. आजोबा चाळीस वर्षं समुद्रावर गेले आणि शेवटी घरच्या खाटेवर वारले, यात आजीच्या मते सगळं आलं. मम्मी पहिल्यांदा अमेरिकेला निघाली तेव्हा आजीने तिच्या हातात नारळ ठेवला आणि म्हणाली, "खिडकीतून टाक." खिडकी उघडत नाही हे पटवायला दोन दिवस लागले. मग तोडगा निघाला. ओल्या नारळाच्या वड्या न्यायच्या, बरोबर मध्यावर एक खिडकीपाशी ठेवून हात जोडायचे, बाकीच्या वाटायच्या. आणि मम्मीचा "दिला" असा फोन येईपर्यंत आजी मासळीला हात लावत नाही. कोळ्याच्या घरात, नुसत्या वरणभातावर.

मम्मीचा या सगळ्यावर विश्वास आहे का, मला माहीत नाही. पण ती आजीशी खोटं बोलत नाही. तेवढं माहीत आहे.

तर लंडनपर्यंत सगळं छान झालं. तिथे दुसऱ्या विमानात शिरताना दारातल्या बाईंनी बोर्डिंग पास पाहिला आणि म्हणाल्या, "पुन्हा स्वागत, पद्मजा. आज मुलगी सोबत आहे वाटतं." त्यांच्या छातीवर फिओना असं नाव होतं. मम्मीची त्यांच्याशी कधी भेट झालेली नव्हती.

"मग त्यांना कसं कळलं?" मी विचारलं.

"त्यांच्या टॅबवर नोंद असते. कोणाला काय लागतं त्याची."

"म्हणजे तुझं प्रगतिपुस्तक."

"त्यात शेरा तरी चांगला आहे," मम्मी म्हणाली आणि बूट काढून, लोकरी मोजे घालून, घड्याळ न्यूयॉर्कच्या वेळेला लावून बसली. तिचं सगळं इतकं सराईत होतं की मी नुसती बघत राहिले. चहा आला, बिनदुधाचा. न मागता. मागे एकदा तिचं आधीचं विमान उशिरा पोचलं होतं, तेव्हा यांची माणसं दारात तिच्या नावाची पाटी घेऊन उभी होती आणि तिची बॅग उचलून तिच्यासोबत पळाली होती. ही गोष्ट मी पंचवीस वेळा ऐकलीय आणि दर वेळी पप्पांकडे बघून डोळे फिरवलेत. आता फिरवणार नाही.

जेवण झालं, मम्मी झोपली. मी पडद्यावरचं छोटं विमान निळ्या रंगावरून सरकताना बघत होते. तेवढ्यात फिओना आल्या, खाली वाकल्या आणि हलकेच म्हणाल्या, "पद्मजा, आपण मध्यावर आलोय."

मम्मीने डोळे उघडले, केस सारखे केले आणि हात पुढे केला. "मिताली, डबा."

"तो मोठ्या बॅगेत आहे."

"कुठल्या?"

"चेक-इनच्या. मी वाचलं होतं की नारळ हातातल्या बॅगेत चालत नाही. म्हणून मीच हलवला."

"तो अख्खा नारळ, बाळा. आणि सुकं खोबरं. वड्या मी चार वर्षं नेतेय."

ती ओरडली नाही. तिने खिडकीची झडप वर केली आणि खाली बघत बसली. ढगांच्या फटीतून पाणी दिसत होतं. आजी मोऱ्याला दारात बसली असेल, हे मला एकदम दिसलं.

"आजीला दिला म्हणून सांग ना," मी म्हटलं.

मम्मीने नाही म्हणून मान हलवली.

मी उठले. गॅदरिंगला स्टेजवर गेले होते तशी सरळ चालत गेले. मागच्या किचनमध्ये फिओना कप आवरत होत्या. मी त्यांना इंग्लिशमध्ये सगळं सांगितलं. दर्या, काशिराम आजोबा, वरणभात, आणि चूक माझी. मध्ये दोनदा अडखळले. त्यांनी मध्येच तोडलं नाही. सगळं ऐकून कप खाली ठेवला.

"आज जेवणात नारळाचं काही नाही," त्या म्हणाल्या. "थांब."

त्यांनी पुढच्या किचनमध्ये फोन केला. तिथे चीजकेक होता. वरच्या वर्गात बदाम होते. मग त्यांनी कॉकपिटला फोन लावला, थोडं बोलल्या आणि हसल्या. "कॅप्टन म्हणतात, मध्य बराच लांब असतो. अजून पंधरा मिनिटं तरी पुरेल."

मग त्यांनी कोपऱ्यातली स्वतःची पर्स काढली, तिच्यात हात घातला आणि एक चॉकलेट बाहेर काढलं. आत खोबऱ्याचं सारण भरलेलं. दोन तुकड्यांचं.

"हे तुमचं आहे," मी म्हटलं.

"माझा चहाबरोबरचा खाऊ. पण काम तुमचं मोठं आहे."

मम्मीने एक तुकडा रुमालावर, खिडकीपाशी ठेवला आणि हात जोडले. मीही जोडले. फिओना मधल्या वाटेत उभ्या होत्या, ट्रे पोटाशी धरून, शाळेत प्रार्थनेला उभं राहतात तशा. मग मम्मीने दुसरा तुकडा त्यांच्याच हातावर ठेवला. "प्रसाद. हा तुम्ही खायचा."

आजी आठलाच झोपते, म्हणून फोन न्यूयॉर्कहून दुसऱ्या दिवशी सकाळी, मीटिंगला निघण्याआधी. मोऱ्याला तेव्हा संध्याकाळ. मम्मीने फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

"दिला का गं नारल?" आजी म्हणाली. "सकालधरनं बोय मासली आनून ठेवलीय. हात नाय लावला."

मी सगळं सांगितलं. डबा मीच हलवला इथून ते चॉकलेटपर्यंत.

"चाकलेट कुनाचा व्हता?"

"विमानातल्या बाईंचा. त्यांच्या स्वतःच्या खाऊतला."

"मंग तिनं आपल्या तोंडातला काढून दर्याला दिला. चांगली हाय बाई. तिला सुकट पाठव."

"आजी, विमानात सुकट नेली तर सगळे उतरतील."

"कुठं उतरतील, मधी पानी हाय," आजी म्हणाली आणि हसली. मग म्हणाली, "जाते आता. बोय तलते."

आठवड्याने परत निघालो तेव्हा मोठ्या बॅगेतला तोच वड्यांचा डबा माझ्या खांद्यावरच्या पर्समध्ये होता आणि पर्स मी जेवतानाही सोडली नव्हती. विमान वेगळं होतं, माणसं वेगळी. आम्ही बसलो, पट्टे लावले, दारं अजून उघडी होती. एक उंच दादा टॅब बघत आमच्या रांगेपाशी आला आणि जरा लाजतच म्हणाला, "माफ करा, इथे एक नवीन नोंद दिसतेय. नारळ जवळ आहे ना, ते दारं बंद व्हायच्या आत विचारा. नसेल तर बाहेरच्या दुकानात कोणाला तरी पाठवता येईल."

मम्मी माझ्याकडे बघत होती. मी पर्स उघडली, डब्याचं झाकण काढलं आणि त्याला म्हटलं, "आहे. मोजून घ्या हवं तर."