डावीकडे टोचतं

मी एक जुना मुकुट आहे, मित्रांनो, पण कोणा राजाबिजाचा समजाल तर फसाल. मी सौंदर्यस्पर्धेचा मुकुट. पितळी तार, काचेचे खडे आणि वर चांदीचा मुलामा, एवढंच माझं भांडवल. लांबून मात्र मी असा झगमगतो की विचारू नका.

खोट्या दागिन्यांच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. कारागिराचा हात चांगला होता. त्याने सगळे सांधे डाख देऊन पक्के केले आणि तारांची टोकं कानशीने घासून गुळगुळीत केली. डाव्या कानामागे येणारं एक टोक तेवढं राहिलं, कारण नेमकी तेव्हाच जेवायची हाक आली. परत आल्यावर त्याला वाटलं, झालंय सगळं. त्याने मला मखमली पेटीत बसवलं आणि पाठवून दिलं.

तेव्हापासून मी दरवर्षी नव्या मुलीच्या डोक्यावर जातो. जुनी विजेती मला काढते, नवीच्या डोक्यावर ठेवते आणि पिना लावते. टाळ्यांच्या गदारोळात नवी रडत असते आणि जुनी तिच्या कानाशी वाकते. लोकांना वाटतं, अभिनंदन चाललंय. ती म्हणत असते, "डावीकडे टोचतं. मान हलवू नकोस, हसत राहा." पहिलीने दुसरीला सांगितलं, दुसरीने तिसरीला, आणि बघता बघता रीतच पडली. ते टोक घासून टाकावं, असं एकीच्याही मनात आलं नाही. वर्षभराचा तर प्रश्न! भाड्याच्या घरातला गळका नळ कोण दुरुस्त करतो?

मला त्याचं सुखदुःख नव्हतं. पितळेला कसलं आलंय दुःख? मी आपला पेटीतून डोक्यावर आणि डोक्यावरून पेटीत.

त्या वर्षी मी एका पोहणं शिकवणाऱ्या मुलीच्या डोक्यावर गेलो. तिचं नाव फलकांवर केवढ्या तरी मोठ्या अक्षरांत असायचं, पण घरी तिची धाकटी बहीण तिला ताई म्हणायची. मला ती हाक बरी वाटली, म्हणून मीही ताईच म्हणतो. ताई हसायला लागली की भिंतीपलीकडे ऐकू जायचं. ते हसू आधी मापात आणलं छत्रीबाईंनी. या म्हणजे आयोजकांनी तिच्या देखरेखीला नेमलेल्या बाई. विजेतीचा रंग उन्हाने उतरू नये म्हणून सदा छत्री उघडून उभ्या, म्हणून सगळे त्यांना छत्रीबाई म्हणत. तोंडावर नव्हे, अर्थात.

"फक्त वरचे दात दिसू देत," त्या सांगायच्या. "हिरड्या नकोत. केस भिजवायचे नाहीत, म्हणजे पोहणं बंद. आणि काहीही झालं तरी मला विचारल्याशिवाय मुकुट चारचौघांत काढायचा नाही. काढलास तर पद गेलं म्हणून समज."

मग सुरू झाली फिती कापायची धावपळ. आज चष्म्यांचं दुकान, उद्या दातांचा दवाखाना, परवा सोफ्यांची वखार. फीत तीच, कात्री तीच, हसूही तेच. लोक जवळ येऊन म्हणायचे, "किती गोड!" आणि वळले की म्हणायचे, "टीव्हीवर उंच वाटली होती हो." ताईला दोन्ही ऐकू यायचं आणि तिचे फक्त वरचे दात दिसायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय! गाडीत बसली की ती डोकं उजवीकडच्या काचेला टेकवायची. डावीकडे कधीच नाही.

घरी मात्र आनंदीआनंद होता. आईने ताईचा मुकुटातला फोटो दारासमोरच लावला होता. "लेकीने नाव काढलं," ती येईल त्याला सांगायची. धाकटी तर वेडीच झाली होती. पिठाची चाळणी डोक्यावर ठेवून ती आरशासमोर चालायची आणि फक्त वरचे दात दाखवायची. एकदा तिने विचारलं, "ताई, टोचतो का गं तो?"

"छे गं! पिसासारखा हलका आहे," ताई म्हणाली.

वर्ष सरत आलं, तेव्हा धाकटीच्या शाळेने ताईला बोलावलं. नव्या मैदानाचं उद्घाटन होतं. ताई आपल्या डोक्यावर मुकुट ठेवणार, असं धाकटीने अख्ख्या वर्गाला सांगून टाकलं होतं. ताईनेही हो म्हटलं होतं. नाही म्हणायला कारण काय सांगणार? छत्रीबाईसुद्धा म्हणाल्या, "ठेव ठेव. बहिणीबहिणींचा फोटो झकास येईल."

फीत कापून झाली. ताईने पिना काढल्या आणि मला उचललं. धाकटीने डोळे मिटून डोकं पुढे केलं. सगळी शाळा टाळ्या वाजवत होती. आणि ताईचे हात मध्येच थांबले.

"नाही," ती म्हणाली. "तुला नाही घालणार."

टाळ्या विरल्या. मागे कुणीतरी म्हणालं, "सख्ख्या बहिणीला देववत नाही बघा. डोक्यात हवा गेलीय." धाकटीने डोळे उघडले. ते काठोकाठ भरले होते.

"तू हो म्हणाली होतीस! आता सगळे मला हसतील!"

"अगं, टोचतो तो."

"पिसासारखा आहे म्हणालीस!"

"खोटं बोलले मी." ताई गुडघ्यांवर बसली. डाव्या कानामागचे केस तिने बाजूला केले. तिथे एक जखम होती, जरा सुकली की पुन्हा ओली होणारी. "हे बघ. रोज दुखतं. तुझ्या डोक्याला नाही लावणार मी हे."

मुख्याध्यापिकांचा माईक चालूच होता. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. छत्रीबाई दातओठ खात पुढे आल्या. "अगं हस! कॅमेरे चालू आहेत!"

"नाही हसत," ताई म्हणाली. "दुखतंय."

धाकटीने नाक पुसलं, मला हातात घेतलं, उलटं केलं आणि ते टोक शोधून काढलं. "मग घासून का नाही टाकलंस?"

ताईने छत्रीबाईंकडे पाहिलं. छत्रीबाईंनी छत्रीकडे पाहिलं.

ताईच्या नखांसाठी छत्रीबाईंच्या पर्समध्ये एक छोटी कानस कायम असायची. ताईने ती मागितली.

"मुकुटाला हात लावलास तर पद जाईल," छत्रीबाई म्हणाल्या.

"जाऊ दे," ताई म्हणाली. "सोन्याची सुरी झाली म्हणून उरात खुपसून घ्यायची का?"

छत्रीबाईंनी कानस दिली. का दिली, ते त्यांनाच ठाऊक. दोघी बहिणी मंचाच्या पायरीवर बसल्या आणि आळीपाळीने ते टोक घासू लागल्या. मित्रांनो, इतकी वर्षं मला सगळ्यांनी पुसलं, मिरवलं, फुंकर मारून पेटीत ठेवलं. पण उलटा करून मला कुणी पाहिलं नव्हतं. सुखदुःख नाही असं मी मघाशी म्हणालो खरा, पण त्या पायरीवर मला फार बरं वाटलं.

ताईचं पद गेलं. आईने काही दिवस अबोला धरला, पण दारासमोरचा फोटो काही काढला नाही. मला न्यायला छत्रीबाई घरी आल्या, तेव्हा ताईचे केस ओले होते. ती तलावावरूनच आली होती.

पुढच्या सोहळ्यात ताईला बोलावलं नव्हतं. नवीच्या डोक्यावर मला छत्रीबाईंनीच ठेवलं. टोचण्याची गोष्ट त्या मुलीने कुठूनशी ऐकली असणार, कारण तिने मान ताठ केली होती आणि डोळे घट्ट मिटले होते. पिना लावून झाल्या. छत्रीबाई तिच्या कानाशी वाकल्या आणि जुन्या रीतीप्रमाणे म्हणाल्या, "डावीकडे..." मग थांबल्या. "डावीकडे आता टोचत नाही."

मुलीने एक डोळा उघडला. मान हलवून पाहिली. पुन्हा हलवली. आणि ती अशी काही हसली की वरचे दात, खालचे दात, हिरड्या, सगळं दिसलं.

माझी एवढीच विनंती आहे, मित्रांनो. हाती आलेली वस्तू वर्षभराची असो की दिवसभराची, एकदा उलटी करून बघा. आणि कुणाला टोचत असेल, तर त्याला हसत राहा म्हणू नका. कानस शोधा.