तारेवरचं आवरण

पंख्यांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरण्यात त्याची तीस वर्षं गेली होती, पण मल्टिपल स्क्लेरोसिस झाल्यापासून बोटांना बारीक तार कळेनाशी झाली होती. फ्रिजमध्ये भाजीमागे न टोचता दडवलेली तीन इंजेक्शनं बायकोला सापडली.

"पाहुण्यांसाठी ठेवलीत का?" म्हणत ती त्याला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

"टोचलं की अंग तापतं," तो थकून म्हणाला. "वाटलं, यानंच आजार वाढतोय."

"तो ताप इंजेक्शनचा, आजाराचा नव्हे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी सायटोकाइन नावाच्या रसायनांनी एकमेकींना निरोप देतात. तुमच्यात भडकवणारे निरोप वाढलेत, म्हणून पेशी नसांवरचं आवरणच कुरतडतात. इंजेक्शन त्यांना आवरतं. गेलेलं परत येईलच असं नाही, उरलेलं मात्र सांभाळता येतं."

वार्निशचं आवरण उडून जळालेली तार त्यानं जन्मभर पाहिली होती.

"जळालेली मोटार मी पुन्हा भरतो," तो बायकोला म्हणाला. "मला कोण भरणार?"

"मग मुकाट्यानं टोचून घ्या."

"घरी गेल्यावर टोच. आणि उद्या अंग तापेल, तेवढा दिवस दुकान बंद असल्याची पाटी लाव."