कुत्र्यांच्या घराचं मोजमाप

प्लॅन

"शून्य भिंतीला लावा, बाबा," विभावरी म्हणाली आणि टेप उलगडत अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेली.

तिचे सासरे, दीनानाथ, माकडटोपी घालून कोपऱ्यात उकिडवे बसले होते. शिकारी कुत्र्यांसाठी बांधलेली ही जुनी दगडी घरं पाडायची होती. त्याआधी ती मोजून कागदावर उतरवायचं काम आयर्लंडमधल्या ड्रोहेडा गावातल्या तिच्या ऑफिसकडे आलं होतं. मदतनिसांना मंदीने केव्हाच घरी बसवलं होतं. मग टेपचं दुसरं टोक रविवारी तिचा नवरा गिरीश धरायचा. गिरीश जूनमध्ये गेला. दीनानाथ शनिवारी पुण्याला परतणार होते. तिला सोबत न्यायचं म्हणूनच आले होते. सकाळी गाडीत त्यांनी पुन्हा विचारलं. ती वायपरकडे बघत राहिली.

सेक्शन

झोपायच्या खोल्या. फरशीला मोरीकडे उतार. खिडक्या उंच, बाहेरचं काही दिसून कुत्र्यांनी गलका करू नये. दाराच्या दोन्ही बाजूंना उभे लाकडी रूळ.

हे कशाला, दीनानाथांनी विचारलं.

"सगळी एकदम बाहेर धावली की अंग खरचटतं. रूळ फिरतो, मग लागत नाही."

"कुत्र्यांचा एवढा विचार केलाय," ते म्हणाले.

तिने रूळ हाताने ढकलून पाहिला. लिहिलं : अजून फिरतो.

एलिव्हेशन

टॉम फाटकाला टेकून बघत होता. इथल्या कुत्र्यांसाठी जन्मभर लापशी शिजवत आलेला म्हातारा. युअर मॅन टेप वाकडी धरतोय, तो तिला म्हणाला. इथे युअर मॅन म्हणजे नुसतं 'तो गडी'. दीनानाथांनी मात्र शब्दशः घेतलं. गुडघ्यावर हात टेकून ते उठले आणि जपून, एकेक शब्द जुळवत इंग्रजीत म्हणाले, तिचा माणूस वारला. मी त्याचा बाप.

टॉमने टोपी काढली.

"सॉरी फॉर युअर ट्रबल."

"नो ट्रबल," दीनानाथ घाईघाईने हसले. "नो ट्रबल ॲट ऑल."

टॉम बुटांकडे बघू लागला.

"बाबा, त्रासाबद्दल नाही म्हणाला तो. कुणी गेलं की इथे असंच म्हणतात."

दीनानाथांचं हसू तसंच राहून गेलं.

"तुला म्हणतात?"

"सगळे. दुकानात, बसमध्ये. म्हणतात आणि आपल्या कामाला लागतात. पुण्यात मी खोलीत आले की सगळे गप्प होतील."

मग माप सांगावं तशाच आवाजात ती म्हणाली, "मी नाही येत, बाबा."

दीनानाथांनी टेप सोडली. ती दगडांवरून सरसरत तिच्या हातातल्या डबीत शिरली. ते अंगण ओलांडून फाटकाशी गेले आणि त्यांनी हात पुढे केला. टॉमने तो दोन्ही हातांत घेतला, आणि सोडला नाही.